आबांच्या गच्चीवरून जाणारा दिवा

गच्चीवर माणसं तीन, खाट एक, पाण्याची टाकी एक, वाळत घातलेल्या गोधड्या दोन आणि मोबाइलचा तीन पायांचा स्टँड एक. स्टँडचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याचे दोन तुकडे. ढग शून्य. तृप्तीनं ही मोजदाद दोनदा केली, कारण एमएस्सी फिजिक्स झालेल्या माणसाचं एकदा मोजून समाधान होत नाही!

"आबा, सात मिनिटांत तो दिवा तिकडून उगवेल, डोक्यावरून जाईल आणि समोर विझेल," ती म्हणाली. "फोटोत रेष येईल, पट्टीनं आखल्यासारखी सरळ! ड्रोनची अशी येतच नाही. मग तर पटेल?"

खाटेवर मफलर गुंडाळून बसलेले तिचे वडील, मोतीलाल आबा म्हणाले, "पटलं तर ठीक. नाही पटलं तर उद्या सकाळी बुधवारा मोहल्ल्यात जाऊन चुडामणला नारळ परत!"

नारळ साखरपुड्याचा होता आणि साखरपुडा गच्चीवरच्या तिसऱ्या माणसाचा, म्हणजे तृप्तीच्या धाकट्या बहिणीचा, गायत्रीचा. तिच्या ओढणीचं टोक पिळून पिळून सुतळी झालं होतं.

झालं होतं असं. गायत्रीचं लग्न चुडामणभाऊंच्या मुलाशी, नीलेशशी ठरलं. नीलेशकडे दोन ड्रोन, एक मोठा फवारणीचा आणि एक छोटा, शाहपुरकडच्या केळीच्या बागा वरून बघायचा. अशात गेल्या आठवड्यात आबांना दोनदा संध्याकाळी गच्चीवरून एक झगझगीत दिवा सरकत जाताना दिसला. आवाज नाही, लुकलुक नाही, सरळ पोरींच्या डोक्यावरून! आबांनी तिथल्या तिथे निकाल दिला: जावई लग्नाआधीच टेहळणी करून राहिला!

"आबा, ते अंतराळ स्थानक आहे. आत माणसं राहतात."

"मग तर अजूनच वाईट! किती जण बघून राहिले?"

"अहो, चारशे वीस किलोमीटर वर आहे ते!"

"चारशे वीस! आकडाच बघ."

एवढ्यात तो आला. शुक्रापेक्षा तेजस्वी, ऐटीत, कुणाला न विचारता. तृप्तीनं श्वास रोखून बटण दाबलं. तीस सेकंद कॅमेरा उघडा राहिला. मग तिघांची डोकी स्क्रीनवर आदळली.

रेष नव्हती. शेवई होती! या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती थरथर, जणू ताप चढलेल्या माणसानं सही केली होती.

"ही सरळ?" आबा उठून उभेच राहिले. "एवढं महागाचं यान कोणी असं डुलवत नेतं काय? हे नवशिक्या पोराचं काम आहे!"

"नवशिका नाही तो!" गायत्री उसळली. "नीलेश कध्धीच इतका वाकडा उडवत नाही!"

"तुला काय माहीत?"

गायत्रीनं जीभ चावली. तृप्तीनं कपाळावर हात मारला. साक्षीदार आपल्याच बाजूचा असला की खटला असा बुडतो.

"आबा, एक दिवस द्या. उद्या तो पुन्हा येणार आहे, पाऊण तास आधी."

"पाऊण तास आधी! म्हणजे उद्या पोराला काम कमी आहे." पण आबा शब्दाचे पक्के आणि न्यायाचेही. "बरं, उद्या. पण याच गच्चीवरून. दुसऱ्या गच्चीवरचा दिवा दुसरा!"

खाली येऊन तृप्तीनं नीलेशला फोन लावला. "खरं सांग, उडवलास?"

"मां कसम, ताई! तुमच्या गच्चीवरून एकदाही नाही! मी पागल आहे का?"

मग रेष का थरथरली? तृप्तीनं फोटो मोठा केला. बाजूचे तारे बघितले. तेही थरथरले होते, अगदी त्याच तालात! तारे तर नीलेश उडवत नव्हता. म्हणजे हलला तो मोबाइल. तिनं परत वर जाऊन गच्चीच्या कठड्यावर पेलाभर पाणी ठेवलं. पाण्यावर वर्तुळं उठत होती. खाली लीलाधरकाकांच्या कारखान्यात कापडाचे पॉवरलूम चालले होते, खटाखट, खटाखट! जन्मापासून ऐकलेला आवाज. तिच्या कानांनी तो कधीच ऐकणं सोडलं होतं.

"लूम बंद?" दुसऱ्या दिवशी लीलाधरकाकांनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. "बेटा, आपल्या गल्लीत लूम दोनच वेळा बंद पडतात. लाइट गेली की, नाहीतर कोणी माणूस गेलं की."

"दहाच मिनिटं, काका. गायत्रीच्या लग्नाचा सवाल आहे."

लग्न म्हणताच काका विरघळले. इतके विरघळले की, तिला न सांगता, डावीकडचे, उजवीकडचे, समोरचे असे सगळे कारखाने बंद करायला सांगून आले. कामात कसर नको!

संध्याकाळी ठरलेल्या वेळेला सगळी गल्ली एका दमात चिडीचूप झाली. आणि दिवे मात्र चालू!

लाइट आहे आणि लूम बंद आहेत. शनवारा मोहल्ल्यात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. दारं उघडली. "कोण गेलं? कोण गेलं?" शेजारच्या मथुराकाकूंनी आपल्या गच्चीवरून इकडे डोकावून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. काल मान अवघडली म्हणून मोतीलाल आबा आज खाटेवर उताणे झोपले होते. मफलर हनुवटीखालून डोक्यावर बांधलेला, हात छातीवर, नजर आकाशात!

काकूंनी गल्लीच्या ग्रुपवर बातमी टाकली आणि मग गुडघे धरत, पायरीपायरीला थांबत आबांचा जिना चढल्या.

"अगं माय! मोतीलालभाऊ! कालच तर माझ्याशी नळावरून भांडले हो!"

"काकू, थांबा! आबा ठीक..." तृप्तीचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण त्याच क्षणी तो दिवा डोक्यावर आला. बटण दाबलं. तीस सेकंद! जिन्यावरून धाडधाड पावलं येत होती. गच्ची हलली तर रेष हलणार, रेष हलली तर नारळ परत जाणार!

"कोणी हलू नका!" ती किंचाळली. "जिथे आहात तिथेच उभे राहा!"

लोकांना वाटलं, मौन पाळायचं आहे. दहा-बारा माणसं हात जोडून, मान खाली घालून जागच्या जागी उभी राहिली. आबांनीही ठरवलं होतं, हलायचं नाही म्हणजे हलायचं नाही. पुरावा निःपक्षपाती हवा! काकू खाटेचा पाय धरून हंबरडा फोडत होत्या. आवाजानं स्टँड हलत नाही, म्हणून तृप्तीनं तो चालू दिला.

चोवीस... पंचवीस... डोक्यावरून पुढे गेलेला दिवा लालसर झाला, मंदावला. तीस! आणि गपकन विझला.

"गेला!" म्हणत आबा ताडकन उठून बसले.

मौन संपलं! दोघं जिन्यावरून मागच्या मागे घसरले, एक जण टाकीला मिठी मारून राहिला आणि काकूंनी जी किंकाळी फोडली, ती तापीपलीकडे ऐकू गेली असेल.

"ओ मथुराबाई, मी बसलोय इथं! पोरी, दाखव फोटो."

गायत्रीनं पट्टी आणली. आबांनी ती स्वतःच्या हातानं स्क्रीनवर धरली. एकदा वरून बघितलं, एकदा खालून.

"सरळ," आबा म्हणाले. "एकदम सरळ आहे."

गायत्री रडायलाच लागली. लोकही टाळ्या वाजवू लागले, कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं. आपल्यासाठी इतकी माणसं धावून आली म्हणून आबांचे डोळे पाणावले होते. तेवढ्यात चुडामणभाऊंचा फोन आला, तोही रडतच.

"जिवंत आहे मी!" आबा गरजले. "तारीख काढा लग्नाची! जावईबापूंवर माझा पूर्ण भरोसा आहे!"

"देवा तुझी कृपा! भाऊ, तुमच्या ग्रुपवरची बातमी इकडे आली, ती वाचून आमचा नीलेश इतका घाबरला की सरळ आमच्या गच्चीवर पळाला. तिकडं यायची तर त्याला तुम्हीच मनाई केलेली. अजून खाली उतरला नाही!"

"गुणी पोरगा!" आबा म्हणाले. "तृप्ती, हा फोटो मोठा करून दे. बैठकीत लावतो. चुडामणलाही पाठव. पण आधी मला सांग, त्या कोपऱ्यात ते रंगीत तारे कसले?"

तृप्तीनं कोपरा मोठा केला. दोन लाल ठिपके, दोन हिरवे. चारही ठिपक्यांचा नेटका चौकोन, जागचा न हललेला. गायत्रीनं वाकून बघितलं आणि ती लगबगीनं गोधड्या काढायला गेली.

नीलेशच्या छोट्या ड्रोनच्या दिव्यांमधलं अंतर पंचवीस सेंटिमीटर. तृप्तीनं फोटोतलं अंतर मोजलं, भागाकार केला आणि एकदा मोजून समाधान होत नाही म्हणून पुन्हा केला.

गच्चीपासून उंची एकेचाळीस मीटर.