कपाटातली बंदूक आणि ओकचा मुकुट

हान्सुएलीची जुनी लष्करी बंदूक कपाटात त्याच्या बायकोच्या, व्रेनीच्या, लोकरी झग्यांना टेकून उभी असायची. (स्वतः हान्सुएलीला त्या कपाटात एक खुंटी होती.) एके दिवशी बंदुकीचं ग्रीस नेमकं रविवारच्या झग्याला लागलं आणि झालं!

"यंदा नेमबाजीत ओकच्या पानांचा मुकुट आणलास तर राहू दे तिला इथं," व्रेनी कडाडली. "नाहीतर गवताच्या माळ्यावर! लग्न झाल्यापासून पोसतेय तुझ्या या सवतीला."

माळ्यावर! उंदरांत! हान्सुएलीनं बंदूक छातीशी धरली. पलटणीत तिला उशाशी घेऊन झोपलेला माणूस तो.

स्पर्धेच्या दिवशी आमच्या एमेन खोऱ्यात असं ऊन पडलं होतं की कुणालाही डुलकी लागावी. सगळे आपापल्या निशाणासमोर रांगेने पालथे पडले. हान्सुएलीच्या शेजारी त्याच्याच घरी राहणारे सासरे, बेंडिख्त. कॉफीत साखरेऐवजी मीठ टाकणारी नजर, पण दरवर्षी हौसेनं यायचेच. कुरणावरून गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या. बंदुकीचा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता गालाला उबदार लागला आणि गडी निघाला की स्वप्नात! डोक्यावर मुकुट, बँड वाजतोय, व्रेनी स्वतः कपाटाचं दार उघडून उभी आहे... तंद्रीतच तो बोल्ट मागे ओढत होता, पुढे ढकलत होता, गोळ्या झाडत होता. बंदूक मात्र जरासुद्धा थरथरली नाही.

गोळीबार थांबला. समोरच्या खंदकातली माणसं निकाल दाखवू लागली. हान्सुएलीच्या निशाणापुढे झेंडा हलला. शून्य. पुन्हा शून्य. सगळी शून्यंच!

सासऱ्यांच्या निशाणावर मात्र बरोबर मध्यभागी भोकंच भोकं. एक तेवढं जरासं डावीकडे.

मेलो! आपण झोपेत शेजारचं निशाण फोडलं, म्हाताऱ्याच्या गोळ्या गेल्या टेकडीत! तो सांगायला उठला, तोवर मुकुट म्हाताऱ्याच्या डोक्यावर चढला होता आणि व्रेनी "बाबा! अहो बाबा!" करत एकाच वेळी रडत होती नि हसत होती. तिला इतकं खूश त्यानं लग्नातही पाहिलं नव्हतं. बिचारा टाळ्या वाजवू लागला.

संध्याकाळी इतकी वर्षं पलंगाखाली पडलेली बाबांची बंदूक कपाटात गेली, थेट रविवारच्या झग्याला टेकून. ("ग्रीस लागलं तर लागू दे, बाबांचं आहे.") हान्सुएली आपली बंदूक घेऊन माळ्याची शिडी चढू लागला. खाली सासरे शिडी धरून उभे होते.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षीही माझ्याच शेजारी पडा हं. फक्त ती एक गोळी डावीकडे गेली. लक्ष कुठं होतं तुमचं?"