दोनशे चौदा नंबरच्या माळीबुवांची हकीकत

वाचणारांचे सेवेसी लिहिणाराचा मुजरा. आपण पुसिले की, माळीबुवांनी धर्मादाय ट्रस्टाची फौज कैसी थोपविली, ते सविस्तर लिहिणे. त्यावरून घडले ते लिहितो. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास थोडके.

हवेली थोर, दीडशे वर्षांची, भोवती बाग अफाट, आणि मालक निपुत्रिक वारले, ते मरतेसमयी सर्व दौलत खुर्च्यापलंगांसुद्धा ट्रस्टाचे हवाली करून गेले, की वास्तू जशीच्या तशी जतन व्हावी. मग ट्रस्टाने व्यवस्थापकसाहेब मुलखावर रवाना केले. साहेब म्हणजे केवळ आग. बगलेत फायलींचा तोफखाना, गळ्यात ओळखपत्र. येताच फर्मान सुटले की, बागेचे काम कंत्राटी कंपनीस दिले, सबब माळीबुवांनी फाटकालगतची खोली महिनाअखेर खाली करावी.

बुवा एकेचाळीस वर्षे त्या खोलीत नांदले, बागेतले झाडन्‌झाड हातचे. माळीणबाई तर कडाडल्या, "झाडं जपायची आणि ती लावणारा रस्त्यावर? वा रे वा, जतन!" बुवा नुसते "बघू, बघू" म्हणत राहिले.

इतक्यात ट्रस्टाचे यादीकारकून दाखल जाहले. हवेलीतील हरएक नगावर नंबराची चिठ्ठी डकवावी आणि वहीत नोंद घ्यावी, हा त्यांचा हुद्दा. गृहस्थ नेकीचे, नियमापुढे सख्ख्या बापासही न ओळखणारे. दोन दिवसांत दोनशे तेरा नग सर केले आणि दिवाणखान्यातील थोरल्या आरशावर चालून गेले, तो आरशाचा खिळाच निखळला. कारकुनांचा निकाल लागता. परंतु बुवा खिडकीशी कुंड्या पुशीत होते, ते झेपावले आणि आरसा पाठीवर तोलून धरिला.

कारकुनांनी आज्ञा केली, "बाजूला व्हा, नोंद घ्यायचीय."

बुवा म्हणाले, "होतो की, पण मग तुमचीच नोंद घ्यावी लागेल."

मग कारकुनांनी नियमावली काढिली. कलम सात ऐसे की, जी वस्तू काढिली असता दुसरी पडते, ती त्या दुसरीचाच भाग समजावी. बुवांस किंचित सरकवून पाहिले, आरसा डुलला. खात्री पटली. वहीत लिहिले: आरसा, एक, नक्षीदार, आधारासह. आधार: माळी, एक, मिशा पांढऱ्या, वापरात. आणि बुवांचे छातीवर दोनशे चौदाची चिठ्ठी डकवून पुढे कूच केले. सुतार येऊन नवा खिळा ठोकीतोवर बुवा तैसेच उभे होते.

महिनाअखेर साहेब खोलीवर चालून आले. माळीणबाईंनी मधल्या काळात कारकुनांकडून एकूणएक कलम वाचून घेतले होते. त्यांनी बुवांस चिठ्ठीसुद्धा दारात उभे केले आणि बजाविले की, यादीतील नग कुंपणाबाहेर काढील तो अधिकारी बडतर्फ, ऐसे तुमच्याच कागदात आहे. साहेबांचे तोंड एवढेसे जाहले. यादीतून नाव खोडावे तर नऊही विश्वस्तांचे एकमत हवे, आणि त्या नवांचे चहात साखर किती यावरही कधी एकमत जाहले नव्हते. तीन बैठका जाहल्या, बिस्किटांची कत्तल उडाली, मसलत फसली.

परंतु साहेब हटेनात. त्यांनी राखलेला गोळा डागिला की, कलम एकोणीस, यादीतील नगास थेट ऊन लागू देऊ नये. सबब बुवांनी आजन्म दिवाणखान्यात बसावे, बागेस हात लावू नये. ऐकताच बुवा, खोली राहिली आणि बाग गेली, मग राहून करू काय, म्हणोन रडले. 

तेव्हा वही घेऊन बाजूस उभे असलेले यादीकारकून खाकरले. "साहेब, कलम अर्धं वाचू नये. पुढचं वाक्य वाचा."

पुढे लिहिले होते की, वापरातील नग उन्हात न्यावाच लागल्यास जबाबदार अधिकाऱ्याने जातीने त्यावर सावली धरावी.

येणेप्रमाणे तह जाहला. रोज सकाळी बुवा खुरपे घेऊन वाफ्यात उतरतात आणि साहेब मागे छत्री धरून चिखल तुडवितात. परवा बुवांनी मान न वळविता हुकूम केला, "साहेब, जरा डावीकडे. रोपांचं ऊन अडतंय." साहेब डावीकडे सरले. हवेली, बाग आणि माळी, तिन्ही जतन जाहली. फत्ते दप्तरी नोंदली असे.