डबल आग्रह

ऋषीच्या साखरपुड्याचा पत्रव्यवहार आपण स्वतः करायचा, असं लोणीच्या रखमाजींनी ठरवलं आणि तिथंच माशी शिंकली.

पत्रव्यवहार म्हणजे ईमेल. मुलीचे काका अमृतराव अवसरी बुद्रुकचे, पण नोकरी पुण्यातल्या ऑफिसात. तिथं त्यांना 'लेखी असलेलं बरं' ही खोड जडलेली. साखरपुडा त्यांच्या दारात व्हायचा होता, म्हणून चौकशाही त्यांच्याच. ऋषीनं वडिलांच्या फोनवर ईमेल सुरू करून दिला. तो विसरला असेल म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीनं, हर्षालीनं, तोच पत्ता आणखी एका ॲपमध्ये टाकून दिला. आता एकच मेल दोन ठिकाणी यायचा आणि दोनदा वाजायचा. हे कुणाच्या गावीही नव्हतं.

पहिला मेल आला. 'आपल्याकडची किती मंडळी येतील? कळवावे.' रखमाजींनी उत्तर दिलं, 'चाळीस.' (या एका शब्दाला त्यांना अकरा मिनिटं लागली.) चहाचा घोट घेतात न घेतात तोच दुसऱ्या ॲपमध्ये तोच प्रश्न दिसला.

"अगं ए, पुन्ना इचारत्यात!"

"मग सांगितलं न्हाई का तुमी?" प्रयागबाई चुलीपासूनच म्हणाल्या.

"सांगितलं की! तरी इचारत्यात. आग्रेव करत्यात गं. लई मायेची माणसं."

प्रयागबाईंना हे लगेच पटलं. पंगतीत वाढपी पहिल्यांदा विचारतो तेव्हा पानावर आडवा हात धरायचा, दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा हात काढायचा, ही रीत त्या घरात पोरंटोरंही पाळत. दुसऱ्यांदा विचारूनही नाही म्हटलं तर विचारणाऱ्याचा अपमानच की! "मग पारगावच्या आत्याबाईंचं घर बी घ्या," त्या म्हणाल्या. रखमाजींनी कळवलं, 'साठ.'

तिकडं अमृतरावांना पाठोपाठ दोन आकडे मिळाले. त्यांनी विचारलं, 'चाळीस की साठ? नक्की कळवावे.' हाही मेल दोनदा वाजला. पहिल्याला रखमाजींनी 'साठ' म्हणून कळवलं, दुसऱ्याला भिडेखातर नव्वद. मग 'नव्वद? नक्की?' असं आलं, तेही दोनदा. चौथ्या दिवशी आकडा दोनशे दहावर गेला आणि घरात नवीनच काळजी सुरू झाली. एवढी माणसं आणायची कुठून? रखमाजी दारोदार फिरून आमंत्रणं देऊ लागले. त्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला आलेल्या मेंढपाळ जानकूलासुद्धा सांगून झालं.

संध्याकाळी खुद्द अमृतरावांचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"पावणं, आमचा मांडव दीडशेचा. तुमी चाळिसाचं दोनशे दहा केलंत. आज माणसं वाढवता, उद्या आणखी काय वाढवाल? आमचे दादा, पोरीचे वडील, म्हणत्यात, सोयरीक इथंच थांबवू."

रखमाजींना घाम फुटला. पोरीनं पोराला पसंत केलं होतं, पोरगा हवेत होता, आणि आपल्या बोटामुळं हे सगळं मोडणार!

"अवो, तुमीच तर दोन-दोनदा आग्रेव केला!"

"मी? मी एकदाच इचारतो, राव!"

ऋषी कपाळाला हात लावून धावत आला. फोन चाळला आणि खाली बसून हसू लागला. "अण्णा, मेल एकच हाय. तो दोन ॲपात येतोय. सेटिंगमध्ये जा अन् एकातनं खातं काढून टाका."

बिघडवलं आपण, तेव्हा दुरुस्तही आपणच करणार, असं म्हणून रखमाजींनी सेटिंग उघडलं, खात्यावर बोट ठेवलं, 'काढा' दाबलं. फोननं विचारलं, 'खातं नक्की काढायचं?'

रखमाजी थबकले. "ह्यो बी दुसऱ्यांदा इचारतोय. आग्रेव करतोय का काय? ठेवू का मग?"

"अण्णा, होय म्हणा!" सगळं घर ओरडलं.

खातं गेलं. रखमाजींनी झाला प्रकार लिहून अमृतरावांना माफीचा मेल धाडला. शेवटी लिहिलं, 'इथून पुढे एकदाच विचारावे. एकदाच सांगेन.' तो वाचून अवसरीत अख्खं घर हसून लोळलं. त्याच हसण्यात सोयरीक पुन्हा पक्की झाली. माणसं साठ ठरली. बाकीच्यांना रखमाजींनी पुन्हा दारोदार फिरून लग्नाचं बोलावणं दिलं आणि चार गोष्टी ऐकून घेतल्या.

साखरपुडा झोकात झाला. पंगत बसली. अमृतराव स्वतः गरम जिलबीचं ताट घेऊन फिरत होते. जिलबी म्हणजे रखमाजींचा जीव की प्राण. सकाळपासून त्यांनी पोटात जागा राखून ठेवली होती.

"पावणं, जिलबी?"

रखमाजींनी रीतीप्रमाणं पानावर आडवा हात धरला. "नको, नको." आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले.

अमृतराव पुढच्या पानाकडं गेले. तिथून त्याच्या पुढच्या.

"अवो अमृतराव, जिलबी..."

अमृतराव वळले. खिशातला फोन काढून त्यांनी सगळ्या पंगतीला दिसेल असा वर धरला.

"एकदाच इचारायचं ठरलंय, पावणं. लेखी हाय माझ्याकडं."