तक्रार विभागातली शांतता

आमच्या लिफ्ट दुरुस्ती कंपनीच्या तक्रार विभागात कर्मचाऱ्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, ही गंभीर बाब व्यवस्थापनाच्या निदर्शनास आली. लगेच बाहेरून एक एकाग्रतातज्ज्ञ मागवण्यात आले. दिवसभर आमच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसल्यावर त्यांनी निदान केलं की, कामात व्यत्यय येतो तो तक्रारींमुळे.

त्यानुसार टेलिफोन कपाटात ठेवण्यात आला. निर्लज्ज तिथूनही वाजू लागला, म्हणून त्याच्यावर साहेबांची शाल पांघरली. मग लोक जातीने येऊन दार ठोठावू लागले, तेव्हा आतून कडी घातली. तक्रारी शून्यावर आल्या आणि 'तक्रारींचे तत्पर निवारण' हा अहवाल लिहायला विभाग मोकळा झाला. अहवाल पुरा होईपर्यंत जो मान वर करणार नाही, त्याला साहेब विभागप्रमुख करणार होते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी सकाळीच शिंकला आणि बाद झाला. उरलो मी.

शेवटच्या पानावर होतो आणि दार धडधडलं. बायकोचा आवाज.

"अहो, आत्याबाई आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकल्यात! आतला दिवा गेलाय, त्यांना धाप लागलीय. किती फोन करायचे माणसाने?"

लहानपणी मला कडेवर घेऊन जिने चढणारी ती आत्या. पण मान? मान खालीच.

"रीतसर तक्रार लेखी द्यावी," मी कागदाकडे बघत म्हणालो.

"वा!" साहेब पुटपुटले.

आत्याला शेवटी खालच्या सुताराने पहारीने दार उचकटून बाहेर काढलं. संध्याकाळी नेमणुकीचं पत्र घेऊन मी तिच्या पाया पडलो.

"मोठा हो," ती म्हणाली. आवाज बसला होता. "माझ्याबरोबर वरच्या मजल्यावरची पोर अडकली होती रे. रडत होती. मी तिला सारखं सांगत होते, घाबरू नकोस, माझा भाचाच तिथे कामाला आहे."

माझी मान त्या दिवशी दुसऱ्यांदा खाली गेली. या वेळी बढतीसाठी नव्हे.

तुम्हाला हसू आलं असेल तर खुशाल हसा. मात्र इथवर मान वर न करता वाचलंत. मघाशी आतून तुम्हाला कुणीतरी हाक मारली होती.