टॅमरॅकची दोन-चार काडतुसं

ज्या वस्तूचा तुटवडा पडतो, ती वस्तू घरोघरी पूर्वीपेक्षा जास्त सापडते. हा सिद्धांत अर्थशास्त्राच्या पुस्तकांत दिलेला नाही, कारण ती लिहिणाऱ्या विद्वानांपैकी कोणीही हरणांच्या शिकारीच्या हंगामाआधी उत्तर विस्कॉन्सिनमध्ये काडतुसांसाठी रांगेत उभा राहिलेला नाही. आम्ही राहिलो आहोत.

साथीच्या त्या वर्षापर्यंत आमच्या टॅमरॅक गावात कोणाला काडतुसांची चिंता नव्हती. रॉली पिन्स्केच्या दुकानात पाव, दूध, गळाला लावायचे किडे आणि काडतुसं एकाच छपराखाली मिळत (किडे आणि दूध तर एकाच फ्रिजमध्ये, दोन्ही पक्षांची कधी तक्रार नव्हती). माणूस दूध आणायला जाई आणि आठवण झाली तर काडतुसांची एक पेटी घेई. मग एका सोमवारी काडतुसांचं कपाट रिकामं दिसलं. का, याविषयी गावात बरीच मतं होती. कोणी म्हणे कारखाना बंद पडला, कोणी म्हणे सरकार सगळा माल उचलतंय, कोणी म्हणे शहरातल्या लोकांना आता बंदुका घेण्याची हौस आली. आदल्या शनिवारी आपण सगळे तिथेच होतो, हे मत कोणीच मांडलं नाही.

मग भाव चढले. जी पेटी पूर्वी शुक्रवारच्या तळलेल्या माशाच्या एका ताटाच्या पैशांत येई, तिला आता अख्ख्या टेबलाचं जेवण पडू लागलं, तेही ब्रँडीसकट. रॉलीने दारावर पाटी लावली: ‘माणशी एक पेटी’. या पाटीने गावातली कुटुंबव्यवस्था वाचवली, असं माझं प्रामाणिक मत आहे. वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ हातात हात घालून रांगेत दिसू लागले. दुपट्यातल्या बाळांच्या नावे पेट्या निघाल्या. आमच्या शिकारी कॅम्पाचे अध्यक्ष व्हर्लिन कोवाल्के यांनी तर वृद्धाश्रमातून सासूबाईंना चाकाच्या खुर्चीवरून आणवलं. सहा वर्षांत त्यांना भेटायला कोणी गेलं नव्हतं, आता दर मंगळवारी जावई हजर. (रॉलीकडे माल मंगळवारी येतो.)

इथे एक शब्द समजून घ्यायला हवा. आमच्याकडे कोणत्याही गोष्टीची संख्या विचारली की ‘दोन-चार’ असं उत्तर देण्याची रीत आहे. किती बियर प्यालास? दोन-चार. किती गाई? दोन-चार. पूर्वी हा विनय होता, तुटवड्याच्या काळात ते माप झालं. अध्यक्षांचे ‘दोन-चार’ म्हणजे पलंगाखाली एक थर, तळघरात तीन थर आणि पाहुण्यांच्या खोलीत पाहुण्यांच्या जागी. कॅम्पातल्याच लेनिश बंधूंचे ‘दोन-चार’ त्यांच्या पिकअपच्या मागच्या चाकांवरून ओळखू येत. मी कॅम्पाचा चिटणीस असल्याने माझा आकडा गोपनीय आहे. दोन-चार असतील.

तर असा भीषण तुटवडा आल्यावर कॅम्पाने हातावर हात ठेवून बसणं शक्य नव्हतं. आमचा कॅम्प म्हणजे तलावामागच्या टेकाडावरची एक लाकडी खोली, एक शेगडी, पाच खाटा आणि एक भिंत. भिंतीचं महत्त्व असं, की ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाची शेपटी त्या संध्याकाळी सर्वांसमक्ष कात्रीने कापायची आणि नाव-सालासह भिंतीवर ठोकायची, हा आमच्या आजोबांपासूनचा नियम. त्या भिंतीवर चौकड्यांच्या चिंध्या इतक्या आहेत की पलीकडून वारा येत नाही. त्यांतल्या निम्म्या एकट्या मिल्टन टोरगरसनच्या. मिल्टन फार उदार हाताचा शिकारी होता. हरणाच्या आजूबाजूची सगळी झाडं त्याने मारली. तो गेल्यावर त्याची खाट आणि बंदूक त्याच्या बायकोकडे, आर्डिसकडे आली.

हंगामाच्या आधी आम्ही बैठक घेऊन बचतीचे उपाय ठरवले. नेम तपासण्यासाठी काडतूस न वापरता बंदूक रोखून तोंडाने ‘ठो’ म्हणावं. हरीण दिसल्यास आधी काडतुसाचा चालू भाव आठवावा, मग हरणाकडे पुन्हा पाहावं. आणि यापुढे शर्टाची शेपटी नेम चुकला म्हणून नव्हे, तर बार उडवला म्हणून कापावी, कारण खरी चूक तिथेच होते. ठराव एकमताने मंजूर झाला. (आर्डिस त्या वेळी कॉफी करत होती. कॉफी छान झाली होती, म्हणून तिची संमती धरण्यात आली.)

या उपायांना जे यश आलं, त्याला तोड नाही. नेम चुकण्याचं प्रमाण कॅम्पाच्या इतिहासात प्रथमच शून्यावर आलं. जो बार उडवत नाही त्याचा नेम चुकत नाही, इतकी साधी गोष्ट आमच्या वाडवडिलांच्या लक्षात आली नव्हती.

अडचण फक्त आर्डिसची होती. तिच्यामागे पेन्शन बेताची आणि पुढे सहा महिन्यांचा बर्फ. नोव्हेंबरात एक हरीण पाडायचं, सॉसेज करून फ्रीझरमध्ये भरायचं आणि ईस्टरपर्यंत त्यावर काढायचं, हा तिचा रिवाज. दुकानातलं मांस तिला परवडत नाही. हरीण मिळालं तर हिवाळा निघतो, नाही तर बटाटे. आणि मिल्टनच्या उदारपणामुळे तिच्याकडे उरलं होतं एक काडतूस. खरोखरीचं एक. त्यातून उन्हाळ्यात बंदूक कोठारात पडली होती, तेव्हा तिच्यावरची नेमाची दुर्बीण हलली असणार. नेम तपासायला एक हवं आणि हरणाला एक.

ती प्रथम अध्यक्षांकडे गेली. मी योगायोगाने तिथेच पेट्या उतरवून घेत होतो.

“व्हर्लिन, एक काडतूस दे,” ती म्हणाली. “तुझ्या-माझ्या बंदुकीचं माप एकच आहे. पैसे देते.”

“अगं, पैशांचं काय काढतेस! मिल्टन मला भावासारखा,” व्हर्लिन म्हणाला. “पण माझ्याकडेच दोन-चार उरलीत. संपतच आली बघ.”

“एक दिलंस तर एक-तीन राहतील.”

“थट्टा नको, आर्डिस. दिवस वाईट आहेत.” तो आत गेला, एक पेटी घेऊन आला आणि तिच्या कानाजवळ खुळखुळवून दाखवली. “ऐक. आवाज तरी येतोय का? इतकी कमी आहेत.”

आर्डिसने कान देऊन ऐकलं.

“नाही बाई, येत नाही,” ती म्हणाली. “भरलेली पेटी वाजत नाहीच.”

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी हातातली पेटी खाली ठेवली आणि माझीही दोन-चारच आहेत, असं सांगितलं. पुढे ती लेनिश बंधूंकडे गेली. तिथे दोघांनी मिळून दोन-चार सांगितली. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटायला काडतूस खर्च होत नाही, म्हणून मी ते भरपूर वाटून घेतलं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी आम्ही नारिंगी जॅकेटं चढवून आपापल्या मचाणांवर बसलो. माझ्यासमोर एक नर आला, भारदस्त शिंगांचा. मी बंदूक रोखली. ठरावाप्रमाणे भाव आठवला. हरणाकडे पुन्हा पाहिलं. ते एवढं किमती वाटेना. मी हलकेच ‘ठो’ म्हणालो. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या शिडीशी पडलेलं सफरचंद खाल्लं, जे माझ्या खिशातून पडलं होतं. व्हर्लिनच्या मचाणाखाली तर एक मादी पाडसांसह सकाळभर झोपली. जनावरांचा विश्वास संपादन करण्याचं जे काम वनखात्याला जमलं नाही, ते आम्ही एका सकाळीत केलं.

आणि तेवढ्यात दलदलीच्या बाजूने एक बार उडाला.

एकच. सगळं रान दचकलं. असा आवाज कित्येक दिवसांत कोणी ऐकला नव्हता. कोणाचा पाय घसरला की काय, म्हणून व्हर्लिन मचाणावरून उतरून धावला. आम्ही पोचलो तेव्हा आर्डिस हरणाशेजारी गुडघे टेकून बसली होती आणि बाह्या सारत होती.

“दुर्बिणीचा भरवसा नव्हता,” ती म्हणाली. “मग म्हटलं, येऊ दे जवळ. हात लांबवला असता तर नाक लागलं असतं त्याचं. हल्ली घाबरत नाहीत मेले.”

याचं श्रेय आमच्या संयमाला होतं, पण तिने ते दिलं नाही.

संध्याकाळी नियमाप्रमाणे बैठक भरली. बार उडाला होता, हरीण पडलं होतं, म्हणजे गुन्हाही झाला होता आणि पुरावाही बाहेर खांबाला टांगलेला होता. व्हर्लिनने कात्री काढली. त्याचा हात थोडा थांबला, कारण आर्डिसच्या अंगात लाल चौकड्यांचा शर्ट होता आणि तो आम्ही सगळे ओळखत होतो.

“काप रे,” आर्डिस पाठ करून म्हणाली. “मिल्टनचा आहे. त्याला सवय आहे.”

त्याने कापली. तिने ती चिंधी स्वतः भिंतीवर ठोकली, मिल्टनच्या चिंध्यांच्या रांगेत. मग ती बाहेर गेली आणि सगळं हरीण, काळजासकट, गाडीत घालून घरी घेऊन गेली. काळीज त्याच रात्री कांद्यावर परतून सर्वांनी खायचं, असा कॅम्पाचा रिवाज आहे. पण आम्ही त्याचा ठराव केलेला नव्हता.

हंगामाअखेर कॅम्पाचा अहवाल मी लिहिला. शिल्लक काडतुसं: एक सोडून सर्व. चुकलेले नेम: एकही नाही. हरणं: एक (नियमबाह्य). अध्यक्षांनी तो वाचून समाधान व्यक्त केलं. त्यांच्या तळघरातली एक तुळई त्याच आठवड्यात वाकली.

जानेवारीत बर्फ खिडकीला लागला. काडतुसं उकडून खाता येत नाहीत. ज्या घरात नोव्हेंबरपासून हरणाच्या सॉसेजचा वास यायचा, तिथे दुकानातलं फिक्कं सॉसेज आलं आणि बायका बोलेनाशा झाल्या. शेवटी एका रविवारी, चर्चमधून परतताना, मी आणि व्हर्लिन सहज म्हणून आर्डिसच्या दारात उभे राहिलो. दार उघडताच आतला वास आला. व्हर्लिनच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

“आर्डिस,” तो म्हणाला, “एकच दे. चवीपुरतं. पैसे देतो.”

“अरे, पैशांचं काय काढतोस! तू मिल्टनला भावासारखा,” आर्डिस म्हणाली. तिच्या मागे फ्रीझर होता. त्याचं झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून त्यावर तिने इस्त्री ठेवली होती. तिने तिथूनच फ्रीझरला पायाने एक धक्का दिला आणि कान देऊन ऐकलं. आम्हीही ऐकलं. आतून काही हललं नाही.

“दोन-चारच उरलीत रे,” ती म्हणाली. “संपतच आली बघ.”

आम्ही माना डोलावल्या आणि निघालो. रागवायला जागा नव्हती. माप आमचंच होतं.

तुम्हांला हे वाचून हसू येत असेल. या दूरदेशीच्या लोकांचं काही खरं नाही, असंही वाटत असेल. वाटू द्या. परवा शेजारच्या वहिनी वाटी घेऊन साखर मागायला आल्या, तेव्हा तुम्ही त्यांच्यासमोर डबा हलवून दाखवलात आणि म्हणालात, “संपतच आलीय हो, आजच आणायचीय.” डबा खरंच वाजला नाही. त्यांनी रिकामी वाटी परत नेली. त्यांनाही ऐकू येतं.