आजोबांची दुनळी आणि तिचे बळी

"बंदुकीतलं मला कळतं!" वाटणीच्या दिवशी अण्णांनी छातीठोकपणे जाहीर केलं आणि जेवणाचं शिसवी टेबल, खुर्च्यांसकट, धाकट्या भावाला देऊन टाकलं. बदल्यात स्वतः काय घेतलं, तर आजोबांची जुनी दुनळी बंदूक! परवाना वगैरे सगळं रीतसर करून ती भिंतीवर चढली आणि अण्णांच्या घरची जेवणं इस्त्रीच्या टेबलावर सुरू झाली. ते डुगडुगायचं. पाण्याचा पेला कलंडला, की बायको आधी बंदुकीकडे बघायची, मग अण्णांकडे.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारे खूप बघितले," ती म्हणायची, "पण हातचं सोडून भिंतीवरच्याच्या पाठी लागणारे तुम्हीच पहिले!"

शेवटी अण्णांनी जुन्या बंदुकांच्या एका पारख्याला घरी बोलावलं. भरभक्कम किंमत लागली की बायकोचं तोंड बंद, असा साधा हिशेब होता.

आता आजोबांबद्दल खरं सांगायचं, तर त्यांनी ती बंदूक जन्मात झाडली नव्हती. बाटलीचं बूच उडालं तरी ते कानांत बोटं घालत! रुबाबदार दिसते म्हणून घेतली आणि दिवाणखान्यात टांगली, एवढंच. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बाहेर कोणालाही नाही.

पारखी आला. किरकोळ, अबोल माणूस. त्याने बंदूक मधोमध वाकवून उघडली, नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून निरखल्या, दस्त्याजवळचा कारागिराचा शिक्का भिंगातून पाहिला. मग कागदावर पेन्सिलीने एक आकडा लिहिला आणि हाताने झाकला.

"वापर किती झालाय हिचा?"

अण्णांना वाटलं, हीच ती संधी! "वापर? अहो, आजोबा शिकार केल्याशिवाय जेवत नसत!"

पारख्याने झाकल्या हाताआड काहीतरी खरडलं.

"रानडुकरं सोडाच, आजोबांची चाहूल लागली की लांडगेसुद्धा वाट बदलत!"

पेन्सिल पुन्हा हलली. ते पाहून बायकोलाही अचानक सासरचा अभिमान दाटून आला. "आणि ती बदकं? मामंजी सांगायचे ना, एका बारात अख्खा थवा खाली! सकाळी सुरू झालेले बार दिवे लागले तरी चालूच!"

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण लग्नानंतर प्रथमच दोघांचं इतकं एकमत झालं होतं, त्यामुळे आवरणार कोण?

पारख्याने सुस्कारा सोडला. "मी चुकलोच होतो म्हणायचं. नळ्या आतून इतक्या कोऱ्या, मला वाटलं ही कधी झाडलीच नाही. या कारागिराची न झाडलेली दुनळी म्हणजे..." त्याने खोडलेला पहिला आकडा दाखवला. त्यात टेबलच काय, टेबल ठेवायला नवं घर आलं असतं! "पण तुम्ही सांगता तेवढे बार काढलेल्या नळ्या कोऱ्या राहतील कशा? म्हणजे मूळच्या गेल्या, नंतर कोणीतरी दुसऱ्या बसवल्या. अशी जोडकामाची बंदूक नुसती शोभेची."

शेवटचा आकडा एका खुर्चीपुरता होता. तीही बिनहाताची!

"अहो, थापा होत्या त्या!" अण्णा ओरडले. "आमचे आजोबा भित्रे होते! महाभित्रे!"

"किंमत ऐकली की सगळ्यांचेच आजोबा भित्रे होतात," पारखी शांतपणे म्हणाला.

बायकोने अण्णांकडे असं पाहिलं, की त्यांना दरदरून घाम फुटला. आणि तेवढ्यात त्यांना आत्या आठवली. आजोबांची सख्खी लेक! सगळं डोळ्यांनी पाहिलेली! त्यांनी फोन लावला आणि पारख्याला ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"आत्या, बंदुकीची किंमत ठरवणारे गृहस्थ समोर बसलेत. आजोबांनी किती बार काढले, अगदी खरं खरं सांग!"

पलीकडे आत्याने घसा खाकरला. "किती म्हणून सांगू बाळा! नळ्या तापून लाल व्हायच्या! आम्ही पोरं त्यावर हात शेकायचो!"

पारख्याने कागद अण्णांच्या हातात दिला, नमस्कार केला आणि तो जिना उतरून निघूनही गेला.

"आत्या, काय केलंस हे!"

"गेले का ते?" आत्याने हळूच विचारलं. "मी बोलले ना झकास? आणि हे बघ, पैशांत माझा वाटा विसरलास, तर त्यांना गाठून खरं काय ते सांगून टाकीन हं!"