नत्थूभाऊंची पांढरी कर्दळ

नत्थूभाऊ रोज सकाळी आंघोळ करून ओल्या पंचानेच सहाणेसमोर बसत आणि काहीतरी घासत. नवखा माणूस गंध मिळेल म्हणून हात जोडून उभा राही. आरमोरीला मास्तर म्हणून आलो तेव्हा मीही पहिल्याच दिवशी कुंपणावरून कपाळ पुढे केलं होतं. नत्थूभाऊंनी मान वर केली. "काऊन मास्तर, डोकं दुखून राह्यलं काय?" ते कर्दळीचं बी घासत होते.

कर्दळीचं बी काळं, वाटोळं आणि बंदुकीच्या छऱ्याइतकं टणक. साल घासून पाण्याला वाट करून दिली नाही, तर ते मातीत स्वस्थ बसून राहतं. "आमच्या साहेबावानी," नत्थूभाऊ म्हणत, "घासल्याशिवाय हालत नाई."

ते जंगलखात्यातून रिटायर झालेले. नोकरीभर काम एकच, तोडायच्या झाडावर हातोड्याने शिक्का मारायचा. जंगलातल्या मुक्कामांत लग्न करायचं राहून गेलं, आणि खात्याचा माणूस म्हणून गाव त्यांना लांबूनच रामराम करी. साऱ्या जगासाठी त्यांच्याकडे दोनच शिक्के होते, 'राहू दे' आणि 'काहाड', म्हणजे काढून टाक. माझ्या बायकोने हौसेने केलेल्या अनारशाचा तुकडा तोंडात टाकून ते "काहाड" म्हणाले, तेव्हा तिने पुढे कितीतरी दिवस त्यांच्याकडे वाटी पाठवली नाही. माझी नवी मिशी बघूनही ते "काहाड" म्हणाले. त्या बाबतीत मात्र बायको त्यांच्या बाजूची निघाली.

डाकबंगल्यातून आणलेल्या लाल आणि पिवळ्या कर्दळींनी त्यांचं अंगण भरलं होतं. त्यांना हवी होती पांढरी, शिजलेल्या भातासारखी पांढरी. मी म्हटलं, "अशी कर्दळ कोणी पाहिली आहे का?" ते म्हणाले, "म्हणून तं करून राह्यलो."

त्यांच्या कानावर कायम कोंबडीचं एक पीस असे. त्या पिसाने ते एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावत. याला ते सोयरीक म्हणत. सोयरीक झालेल्या फुलावर कापडाची टोपी चढे, भुंग्यांनी लग्न मोडू नये म्हणून. त्या बियांची रोपं पावसाळ्यात फुलली की नत्थूभाऊ ओळींतून फिरत. आवडेल त्या रोपाला लाल दोरा बांधायचा, बाकीची उपटायची. दोऱ्यासाठी उरलंसुरलं सूत पलीकडची सोनाबाई कोष्टीण देई. नवऱ्यामागे ती एकटीच माग चालवायची. सूत देताना दर वर्षी म्हणे, "एवढी झाडं काऊन उपटता, भाऊ? जीव हाय त्यायले."

"उद्याच्या बियाले जागा पायजे, बाई."

एका वर्षी पोळा झाल्यावर एक रोप असं फुललं की त्यात पिवळेपणा अगदी नावाला होता. नत्थूभाऊंनी त्याला आणि त्याच्या दोन भावंडांना दोरा बांधला, त्यांच्या आपसांत सोयरिकी लावल्या आणि पुढे बी धरल्यावर ते डबीत भरलं. "आता पांढरी येते, मास्तर. चांद्याहून पेन्शन घेऊन येतो अन् बाकीची साफ करतो."

चांद्याहून परत येऊन बघतात तर अंगणातल्या एकूण एक रोपाला दोरा.

आमच्याकडे झाडाला दोरा दिसला की तो नवसाचा. कोणीतरी कुंपणातून डोकावलं, जंगलखात्याचा माणूस रोज आंघोळ करून सहाण घेऊन बसतो हेही जमेला धरलं, आणि नत्थूभाऊंच्या कर्दळी नवसाला पावतात असं ठरवून टाकलं. नत्थूभाऊ खवळले. त्यावर एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "पहिले तं तुम्हीच बांधला, भाऊ."

त्यांची गाठ बांबूच्या मोळीला मारतात तशी, त्यामुळे आपली तीन रोपं त्यांना लगेच ओळखता आली. बाकीची उपटायला काहीच अडचण नव्हती. खुरपं घेऊन ते सगळ्यांत कुरूप रोपासमोर बसले. वाकडा दांडा, विटेच्या रंगाचं फूल. मी 'काहाड' ऐकायला कान टवकारले. त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

"दुसऱ्याचा नवस मी कसा काहाडू, मास्तर?"

मग त्यांनी तोड काढली. नवस फिटला की ज्याचा त्याने दोरा सोडायचा, मग झाड उपटायचं. डबीतलं बी कितीही वर्षं थांबलं असतं, नत्थूभाऊंना दम नव्हता. ते घरोघर जाऊन "झालं काय?" विचारू लागले. आजारी म्हशीच्या गोठ्यात जाऊन बसले. बाळंतिणीसाठी स्वतः छकडा जुंपून नर्सबाईला घेऊन आले. एका मुलीचं लग्न अडलं होतं, तर सावली गावाला जाऊन स्थळ जमवून आले, तेही कानावर पीस तसंच ठेवून. गावाची कामं इतक्या घाईने कधी झाली नव्हती. ज्या घरांनी लांबून रामराम केला, तिथे आता त्यांच्यासाठी पाट मांडला जाई.

पुढच्या पावसाळ्यात भाताच्या रोवणीपर्यंत सगळे दोरे सुटले. राहिलं ते विटेच्या रंगाचं, नेमकं चांगल्या वाफ्याच्या मधोमध. सारं गाव विचारून झालं, धनी सापडेना. शेवटी सोनाबाई कुंपणाशी आली. "तो माझा हाय."

"मंग सांगाचं नाई काय? काय मागतलं, बाई?"

"तुमची पांढरी फुलू दे म्हनून," ती म्हणाली आणि मागाकडे निघून गेली.

संध्याकाळी नत्थूभाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, आपल्यासाठी बी कोणी नवस बोलते, हे मले माहीत नव्हतं." एरवी मी थट्टा सोडली नसती. त्या दिवशी आत जाऊन चहा सांगून आलो.

वाकडं झाड जागेवर राहिलं. त्याच्या भोवती डबीतलं बी पडलं, आणि पाऊस सरता सरता एका सकाळी त्यातलं एक रोप फुललं. मी धावत गेलो. शिजलेल्या भातासारखं पांढरं फूल.

"नत्थूभाऊ, झाली की पांढरी."

सोनाबाईही हात पुसत आली. वाकड्या झाडावरचा दोरा उन्हापावसाने पार विटला होता. तिने विचारलं, "फुललं काय भाऊ? सोडू दोरा?"

नत्थूभाऊंनी फूल जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. मग त्या विटलेल्या दोऱ्याकडे पाहिलं.

"नाई बाई. आतून पिवळी झाक हाय. दोरा राहू दे."

मी वाकून नीट बघितलं. पिवळं कुठेच नव्हतं. सोनाबाईनेही वाकून बघितलं.

"हो भाऊ, हाय थोडी," ती म्हणाली, आणि दोरा जुना झाला म्हणून नवं सूत आणायला घरात गेली.